सहावा क्रमांक आणि कुलूपबंद गादी

आज दुपारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मोठ्या उत्साहाने उंच उडीपटू सर्वेश कुशारेची बातमी टाकली आणि दोनच मिनिटांत माझ्या आत्येभावाचे उत्तर आले, "सहावाच ना? पदक नाही, मग एवढं कौतुक कशाचं?" दादा वयाने मोठा आहे, म्हणून तिथे मी गप्प बसले, पण तेव्हापासून कामात लक्ष लागत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

काल, १६ सप्टेंबर २०२५ रोजी, टोकियोत जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतील पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी झाली. या फेरीपर्यंत आजवर एकही भारतीय पोहोचला नव्हता. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश तिथे पोहोचला, २.२८ मीटर ही आयुष्यातली सर्वोत्तम उडी त्याने तिथेच मारली आणि तो जगात सहावा आला. तेजस्विन शंकरचा २०१८ सालचा २.२९ मीटरचा राष्ट्रीय विक्रम अवघ्या एका सेंटिमीटरने राहिला. टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा इटलीचा जानमार्को तांबेरी या वेळी पात्रता फेरीतच बाद झाला होता, यावरून त्या मैदानावरची चुरस कळावी. २.२८ म्हणजे जवळजवळ साडेसात फूट. घराच्या दाराची चौकटही एवढी उंच नसते, आणि हा मुलगा त्या उंचीवरून पाठमोरा पलीकडे गेला.

पाठमोरे जाणे म्हणजे काय असते, ते मला थोडेसे माहीत आहे. नववीत असताना उंच उडीसाठी माझी जिल्हा स्पर्धेला निवड झाली. आमच्या शाळेत दोन बांबू, त्यांना बांधलेली सुतळी आणि पुढे वाळूचा खड्डा एवढेच साहित्य होते, त्यामुळे मला फक्त कात्रीसारखे पाय टाकून उडी मारता येत असे. जिल्ह्याच्या मैदानावर मी पहिल्यांदा फोमची गादी पाहिली आणि शहरातल्या मुली तिच्यावर बिनधास्त पाठीवर पडताना पाहिल्या. सोबत म्हणून घरून या दादालाच पाठवले होते. त्याने ती गादी हाताने दाबून पाहिली आणि म्हणाला, "यावर तर मी पण पडेन."

परत आल्यावर मी सरांच्या मागे लागले. त्यांनी पुस्तकातल्या चित्रावरून मला ती उडी समजावली, आणि दुसऱ्या दिवशी कोणी नसताना मी ती वाळूत मारली. मानेवर पडले. तीन दिवस मान वळत नव्हती; आई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत होती आणि वडील "बास झालं आता" एवढेच म्हणत होते. सर घरी आले, ओसरीवर बसले आणि वडिलांना म्हणाले, "चूक माझी आहे. गादी नसताना मी हिला हे दाखवायला नको होतं." माझी उंच उडी तिथेच संपली.

म्हणून मला वाटते की उंच उडीत पायांच्या आधी गादीचा विचार करायला हवा. १९६८ साली मेक्सिको सिटीत डिक फॉसबरीने पाठमोरी उडी मारून २.२४ मीटरवर ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. अमेरिकेत वाळू आणि भुशाच्या जागी फोमच्या गाद्या येऊ लागल्या होत्या, म्हणूनच त्याला तशी उडी मारणे शक्य झाले. आपण कशावर पडणार आहोत याची खात्री असल्याखेरीज कोणतेही मूल दांडीकडे पाठ करून स्वतःला झोकून देणार नाही. सर्वेशने सुरुवातीला मक्याचा भुसा आणि कापूस भरलेल्या गादीवर सराव केला. तिथून तो फॉसबरीच्या त्या सुवर्ण उडीपेक्षा चार सेंटिमीटर वर गेला, आणि आपण घरी सोफ्यावर बसून विचारतो, पदक कुठे आहे!

न्यूझीलंडच्या हॅमिश करने २.३६ मीटरवर सुवर्ण जिंकले आणि आठ सेंटिमीटरचे अंतर थोडे नाही, हे मान्य. भुशाच्या गादीवरूनही सर्वेश घडलाच की, असे कोणी म्हणाले तर तेही मला नाकारता येणार नाही. पण त्याच वयात मानेवर पडून घरी बसलेल्या मुलामुलींची मोजदाद कोणी ठेवली आहे?

सर्वांत जास्त संताप मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. गेल्या दिवाळीत मी त्या शाळेत गेले होते. आता शाळेकडे गादी आहे, चांगली जाड, निळ्या कव्हरची. ती अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे उभी करून ठेवलेली आहे. एका कोपऱ्यातून उंदरांनी फोम कुरतडून बाहेर काढला आहे आणि खोलीला कुलूप आहे. का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "मुलं खराब करतील." बाहेर मैदानात मुली त्याच जुन्या खड्ड्यात उड्या मारत होत्या. त्या क्षणी माझी मान पुन्हा दुखल्यासारखी झाली.

लिहिता लिहिता दादावरचा राग मात्र ओसरला. ती गादी दाबून पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जे नवल होते, ते मला अजून आठवते. त्यालाही कोणी कधी तिच्यावर पडू दिले नाही. येत्या रविवारी मी गावी जाणार आहे आणि त्या खोलीची चावी कोणाकडे असते ते शोधणार आहे. दादा, हे वाचत असशील तर तूही चल. गादी जड आहे, मला एकटीला बाहेर काढता येणार नाही.