जुन्या पद्मिनीला डिस्क ब्रेक बसवायची कायदेशीर वाट द्या

जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी करायला पैसा लागतो, हे गाडी घेतानाच माहीत असतं. त्यामुळे माझी तक्रार खर्चाची नाही. 1986 ची प्रीमियर पद्मिनी मी इथे कोल्हापुरात उभी करतोय आणि जीव मेटाकुटीला येतो तो दोन ठिकाणी. एक म्हणजे किरकोळ किमतीचा पार्ट बाजारात नसतो. दुसरं म्हणजे गाडी जास्त सुरक्षित करायला गेलो, तर त्यासाठी सरळ परवानगीचा रस्ताच नाही. पहिल्याचं दुःख आहे, दुसऱ्याचा संताप.

पत्र्याच्या कामाबद्दल थोडक्यात सांगतो. या गाड्यांचा रंग पाहून सौदा करू नका. रंगाखाली लांबीचा (खड्डे बुजवायच्या पुटीचा) थर असतो आणि लांबीखाली पत्रा असेलच असं नाही. बॅटरीखालची जागा, पायाखालचा फ्लोअर आणि दरवाजाखालची पट्टी टोकदार पेचकसाने टोचून बघा. सडलेला भाग कापून नवीन पत्रा वेल्ड करणारा मिळेपर्यंत थांबा. वरून लांबी थापून चकचकीत करून देणारे गल्लोगल्ली आहेत. दोन पावसाळ्यांत त्याच जागी फुगे येतात आणि केलेला सगळा खर्च वाया जातो.

आता गिअरचं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि जोड जातात आणि त्या जोडांत छोटे बुश, म्हणजे सळीभोवतीच्या नळीसारख्या कड्या, असतात. बुश झिजले की पहिल्यातून दुसरा टाकताना गिअर अडकतो आणि भर चौकात बॉनेट उघडून सळ्या हाताने सोडवाव्या लागतात. ज्यांच्या घरी ही गाडी होती त्यांना हे वेगळं सांगायला नको. मिळतात ते लोकल बुश, आणि तेही ढिले. पुण्याला नाना पेठेत, जुन्या बाजारात विचारलं, मुंबईत कुर्ल्याला विचारलं. ज्या कुर्ल्यात ही गाडी बनायची, तिथेही तिचा नवा, नीट मापाचा बुश मला मिळाला नाही. शेवटी इथे कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका टर्नरकडून पितळेचे करून घेतले. काम अप्रतिम झालं. पण एका गाडीसाठी चार नग करणं त्याला परवडत नाही, त्याने ते माझ्या हौसेकडे बघून केलं. ज्या गावात ओतकामापासून फिनिशिंगपर्यंत सगळं एका हाकेवर होतं, तिथे पन्नास पद्मिनीवाले एकत्र आले तर अर्ध्या गाडीचे पार्ट इथेच होतील. आपण एकत्र येत नाही, जो तो आपापला चार नगांसाठी हिंडतो.

मेस्त्री लोकांना मी दोष देत नाही. अशी गाडी गॅरेजमध्ये आली की महिनोन्महिने जागा अडवते आणि त्या जागेत रोज दोन-चार सर्व्हिसिंग झाली असती. आमचे मेस्त्री स्पष्ट म्हणाले, “साहेब, बुश कुठनं आणू? तुम्ही आणून द्या, बसवायचं माझ्याकडं लागलं.” हा माणूस प्रामाणिक आहे. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप आणि टायमिंग आवाजावरून सांगतो. त्याच्या हाताखाली मात्र हे शिकणारा एकही पोरगा नाही, कारण या कामावर त्या पोराचं घर चालणार नाही.

पेट्रोलचंही बोललं पाहिजे. मी ऊसपट्ट्यातला आहे, इथेनॉलमुळे कारखान्याला आणि शेतकऱ्याला चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. पण पंपावर आता जे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते डोळ्यांपुढे ठेवून ही गाडी बनलेली नाही. जुने रबरी पाइप, गाडीतल्या पेट्रोल पंपातला पडदा, कार्बुरेटरमधले वॉशर त्याने खराब होतात. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून गाडी उभी राहिली की टाकीला आतून गंज धरतो. शिवाय कार्बुरेटरमधल्या जेटचं, म्हणजे इंधन सोडणाऱ्या बारीक भोकाचं, माप तेच ठेवलं तर मिश्रणात इंधन कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं. पाइप बदलता येतात, जेट बदलता येतो. पण जुन्या गाड्यांसाठी कमी इथेनॉलच्या साध्या पेट्रोलचा एक नोझल ठेवायला काय हरकत आहे?

आता मूळ मुद्दा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. आंबा घाट उतरताना ते तापतात आणि पॅडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. पुढच्या चाकांना लवकर थंड होणारे डिस्क ब्रेक बसवणं हे अनुभवी मेस्त्रीला जमणारं काम आहे. पण मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल पाहिला, तर कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाने बदल करायचा नाही. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावणाऱ्यांसाठी, चाकं बॉडीच्या बाहेर काढणाऱ्यांसाठी हा नियम हवाच, मी त्यांच्या बाजूचा नाही. पण गाडी लवकर थांबावी म्हणून केलेला बदल त्याच पोत्यात का भरायचा?

सरकारला हे जमत नाही असंही नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसी बुकात नोंद करता येते. पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायच्या किटलाही मान्यतेची पद्धत आहे. गाड्या तपासणारी एआरएआयसारखी संस्था पुण्यात टेकडीवर 1966 पासून उभी आहे. मग डिस्क ब्रेकचं किट, तीन बिंदूंचे सीट बेल्ट, चांगले हेडलाइट यांचीही चाचणी करा, मान्यता द्या, फी घ्या, बुकात नोंदवा. इंधन बदलायला रस्ता आहे आणि ब्रेक सुधारायला नाही, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

फीबद्दल म्हणाल, तर जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला 600 रुपये लागायचे, एप्रिल 2022 पासून ते 5,000 झाले आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला 10,000. वर ग्रीन टॅक्स. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण पन्नास वर्षं झाल्यावर, आणि ती गाडी रोज चालवता येत नाही. म्हणजे वीस ते पन्नास या वयातल्या गाडीच्या मालकाने दर पाच वर्षांनी जास्त पैसे भरायचे, आणि बदल्यात सुधारणेची कुठलीही मुभा नाही. फी मी भरेन. त्या फीसोबत गाडीची खरी तपासणी करा, ब्रेक टेस्ट घ्या, नापास झाली तर रस्त्यावरून काढा. पण पास व्हायला लागणारे ब्रेक बसवू द्या.

माझ्या गाडीचं पुढचं काम किंगपिन (पुढचं चाक वळतं ती खीळ) आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या). गिअर लिंकेजच्या पितळी बुशांची मापं माझ्याकडे लिहिलेली आहेत, ज्याला हवीत त्याने कमेंटमध्ये सांगा, फुकट देतो. आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात जे पद्मिनीवाले आहेत त्यांनी मॉडेलचं साल आणि अडलेला पार्ट लिहा. यादी मोठी झाली तर एकत्र ऑर्डर घेऊन उद्यमनगरात मी स्वतः जातो.