पाच पंधराची गाडी आणि एनसीसीची परेड

काल स्टँडसमोरच्या कट्ट्यावर जाम वादावादी झाली आणि सकाळपासनं ती डोक्यातनं जात नाहीये, म्हणून लिहून काढतोय. आम्ही चौघं एकाच हायस्कूलचे, एकाच बॅचचे. सच्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, दाद्या वडाप, म्हणजे सीटवर प्रवासी नेणारी गाडी, चालवतो, मनी एका हायस्कूलवर इंग्रजी शिकवते, आणि मी. मनी फक्त शुक्रवारी येते, पोराला क्लासला सोडून तासभर बसते.

सुरुवात सच्यानं केली. चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "पोरीला एनसीसीतनं काढतोय." पोरगी नववीत, हुशार आहे. परेड आठवड्यातनं दोन दिवस शाळा सुटल्यावर असते आणि नेमकं त्याच वेळेला गणित-सायन्सचा क्लास, त्याची बावीस हजार फी भरून झालीय.

मनी एकदम उसळलीच. "अरे दुसरं वर्ष चालू आहे तिचं! दोन वर्षं पूर्ण झाली की 'ए' सर्टिफिकेटची परीक्षा, त्याला ७५ टक्के हजेरी लागते. दीड वर्ष उन्हात उभी राहिलेली पोरगी आता शेवटाला काढतोस होय?"

"त्या 'ए'चं करायचं काय पण? भरतीत जास्त वजन 'सी' सर्टिफिकेटला, ते कॉलेजात. दहावीला काय तिला कुणी सावधान-विश्राम विचारणार नाहीये."

सच्या वाईट बाप नाहीये, हे मला आधी सांगायचंय. त्याला स्वतःला दहावीनंतर दुकानात बसावं लागलं, त्यामुळं पोरीचं शिक्षण म्हटलं की तो घाबरतो, आणि ती भीती आम्हाला सगळ्यांना कळते.

दाद्या म्हणाला, "नुसत्या परेडला मार्क मिळत असते तर काढली नसतीस. चित्रकलेचं बघ की, इंटरमिजिएटला मार्क आहेत म्हणून आयाबाया स्वतः पोरांना घेऊन जातात. मार्क पायजेतच, त्याशिवाय आईबाप पोरं सोडत नाहीत." म्हणजे दहावीच्या निकालात इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेच्या ए ग्रेडला १५, बीला १०, सीला ५ असे वाढीव मार्क मिळायचे, ते नंतर कमी करून ७, ५ आणि ३ केले, त्याबद्दल तो बोलत होता.

यावर माझं आणि दाद्याचं खरं वाजलं. मी म्हटलं मार्कांनीच तर वाट लावली त्या परीक्षेची. त्यातल्या एका पेपरचं नावच स्मरणचित्र आहे, म्हणजे आधी काहीतरी नीट बघितलेलं असलं पाहिजे ना? आता पोरं क्लासमध्ये एकच बाजार पाठ करतात, तीच टोपलीवाली बाई, तेच झाड, तोच मागचा डोंगर. विषय जत्रेचा आला तरी बाई तीच, फक्त मागं पाळणा येतो.

आम्हाला चित्रकलेचे सर आठवडी बाजारात न्यायचे. पेन्सिल आणायची नाही, कागद आणायचा नाही, नुसतं बघायचं. मी एका कांदेवालीसमोर अर्धा तास उभा होतो. ती तराजू उचलायची तेव्हा तिचा खांदा आधी वर जायचा आणि मान दुसरीकडं कलायची, पोत्यावर टेकवलेल्या पायाची टाच फुटलेली आणि त्या भेगांत लाल माती बसलेली. दुसऱ्या दिवशी वर्गात काढताना मला तो खांदा काही केल्या जमेना, सर मागं येऊन उभे राहिले आणि म्हणाले परत जाऊन बघून ये. पुढच्या बाजाराला परत गेलो. ग्रेड मला बीच मिळाली आणि मार्क तर तेव्हा नव्हतेच, पण आजही कुणी वजन उचलताना दिसलं की माझी नजर पहिली खांद्यावर जाते.

दाद्या म्हणाला, "ते सर होते म्हणून. आता कोण नेतंय बाजारात?" हे मात्र खरंय. सर रिटायर झाल्यावर ती जागा भरलीच नाही, चित्रकलेचा तास आता गणिताला जातो. मनीनं सांगितलं की २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव तिन्हीला अंशकालीन निदेशक द्यायचे असं स्पष्ट लिहिलंय. कायद्यात आहे आणि वर्गात नाही, मग स्काऊट, हरित सेना, विज्ञान प्रदर्शन, गॅदरिंग सगळं त्याच दोन-तीन शिक्षकांच्या गळ्यात पडतं, आणि त्यातला एक जरी बदलून गेला की ते पथकच बंद. मला विचाराल तर शाळेत काय काय चालू आहे हे बोर्डावर बघूच नये, शाळा सुटल्यावर कोण मास्तर थांबतो तेवढं बघावं.

"थांबून पण उपयोग नाही," मनी म्हणाली, आणि तिनं जे सांगितलं ते आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या शाळेत जूनमध्ये एनसीसीत वाड्यावस्त्यांवरच्या नऊ मुली होत्या, दिवाळीपर्यंत दोन उरल्या. सगळे म्हणाले मुलींना आवड नाही, ऊन सोसत नाही. तिनं एकीला बाजूला घेऊन विचारलं. शाळा पाचला सुटते आणि गावाकडची गाडी पाच पंधराला. एसटीचा पास त्यांना अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट आहे, पण ती गाडी चुकली की पुढची सातला, आणि सातच्या गाडीनं उतरून पुढं वस्तीपर्यंत दीड किलोमीटर अंधारातनं चालायचं. ती पोरगी म्हणे बेरेटवरचा लाल तुरा वहीच्या पानांत घालून ठेवते, चुरगळू नये म्हणून. परेड सोडल्यावर युनिफॉर्म परत केला तर दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, बाई तुरा तरी ठेवू का.

सगळे गप्प झाले. दाद्या म्हणाला मी सोडतो त्यांना, माझी सहाची ट्रिप तिकडंच असते, पैसे नकोत. मनी म्हणाली, "दाद्या तू सोडशील रे, पण तुझी गाडी एक दिवस गॅरेजला गेली की झालं, आणि अंधारात वडापनं पोरी पाठवायला सगळे आईबाप तयार होणार नाहीत, त्यांचं पण चुकत नाही."

मग मी म्हटलं की शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते, दुपारच्या गाड्या भरपूर आहेत, परेड तेव्हा का नाही? मनीच्या मते एक परेड शनिवारी सहज बसेल, दुसरी मात्र मधल्या वारीच घ्यावी लागेल आणि त्यासाठी शेवटचा तास सोडायला मुख्याध्यापकांनी हो म्हटलं पाहिजे. मला तर वाटतं तो तास सोडायलाच हवा. शाळा सुटल्यावर म्हटलं की ते फक्त गावात राहणाऱ्या पोरांसाठी होतं, मग ती एनसीसी असू दे, नाटकाची तालीम असू दे नाहीतर कबड्डी.

सच्या एवढा वेळ काही बोलला नव्हता. मग म्हणाला, "माझी पोरगी तर चालत घरी येते पाच मिनिटांत." थोड्या वेळानं क्लासवाल्या सरांना फोन लावला, सकाळची बॅच आहे का विचारलं. ते म्हणाले सोमवारी सांगतो. काढणार की नाही यावर मात्र सच्या अजून हो पण म्हणाला नाही आणि नाही पण.

रात्री मी दोन अर्ज लिहिले. एक मनीच्या मुख्याध्यापकांना, शनिवारच्या परेडचा आणि शेवटच्या तासाचा. दुसरा डेपोला, पाच पंधराची गाडी परेडच्या दिवशी तरी सहाला सोडा म्हणून. नऊच्या नऊ मुलींच्या पालकांच्या सह्या लागतील, त्यासाठी रविवारी दाद्याची गाडी घेऊन वस्त्यांवर जायचंय, मनी बरोबर येतीय. सच्यालाही सांगून ठेवलंय, सकाळी आठला स्टँडवर.