बातमी आधी तिला सांगा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

सोनोग्राफीत बाळात काही दोष दिसला तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी ते आधी त्या बाईलाच सांगावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का हे बघणाऱ्या सोनोग्राफीत, काही गंभीर दिसलं तर गरोदर बाईला तिथल्या तिथे सांगणं क्रूरपणा आहे. नवऱ्याला किंवा सासूबाईंना बाजूला घेऊन सांगावं, रिपोर्ट गायनॅककडे (स्त्रीरोगतज्ज्ञाकडे) पाठवावा. शिवाय बाहेर पेशंटची रांग असते, आणि निदान चुकलं तर नातेवाईक अंगावर येतात.

ही शेवटची भीती खरी आहे. म्हणूनच निदान पक्कं करून सांगा, असं मी लिहिलेलं नाही. "बाळाच्या हृदयाची रचना मला नेहमीसारखी दिसत नाही. नक्की काय ते फीटल इकोमध्ये, म्हणजे बाळाच्या हृदयाच्या खास सोनोग्राफीत कळेल, ती लगेच करून घ्या." यात एकही शब्द खोटा नाही, आणि एवढं बोलायला रांग अडत नाही.

पण नवऱ्याला बाजूला घेणं मला अजिबात मान्य नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिची संमती मागतो. नवऱ्याची सही रुग्णालयं मागतात, कायदा नाही. निर्णय जिने घ्यायचा तिलाच सगळ्यात शेवटी कळावं, हे कसं?

त्यात दिवस मोजके असतात. हा स्कॅन साधारण १८ ते २० आठवड्यांत होतो. २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये ठरावीक कारणांसाठी दोघांचं लागतं आणि त्यापुढे गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. गर्भजल तपासणीचा पूर्ण रिपोर्ट यायलाच दोन-तीन आठवडे जातात. आणि घरचे म्हणतात, "डोहाळजेवण होऊन जाऊ दे, मग सांगू." डोहाळजेवण सातव्या महिन्यात असतं हो!

गर्भ ठेवायचा असला तरी तिला वेळ हवाच. हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेलं बाळ तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये अचानक निळं पडणं वेगळं, आणि लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होते तिथेच बाळंतपण ठरवलेलं असणं वेगळं.

आपल्या सोनोग्राफीच्या खोल्यांतल्या शांततेला आणखी एक कारण आहे, असं मला वाटतं. गर्भलिंग निदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सगळ्यांत आधी कायदा केला; केंद्राचा १९९४ चा. लिंग सांगायचं नाही ही शिस्त योग्यच आहे, ती पाळायलाच हवी. पण तिच्या आडून काहीच बोलायचं नाही अशी सवय पडली. बंदी लिंग सांगण्यावर आहे, मणक्यातला दोष सांगण्यावर नाही. आणि गप्प राहून काही लपत नाही. पोटावर फिरवायचा सोनोग्राफीचा प्रोब एकाच जागी फिरत राहिला, मदतनीस ताईंचा चेहरा उतरला, की तिला समजतंच. काय ते तेवढं समजत नाही. त्यापेक्षा आधीच सांगा, "मला एक भाग नीट बघायचाय, थोडा वेळ बोलणार नाही. झालं की सांगते."

मग पोटावरचं जेल पुसू द्या, तिला उठून बसू द्या, कपडे नीट करू द्या. सोबत कोण हवं ते तिलाच विचारा. नवऱ्याला बोलवा म्हणाली तर जरूर बोलवा. रडली तर लगेच पुढची माहिती देऊ नका, थांबा. आणि तुमच्याकडे पेशंट पाठवणाऱ्या आम्हा गायनॅक मंडळींशी आत्ताच ठरवून ठेवा, की असं काही दिसलं तर तुम्ही फोन कराल आणि आम्ही तिला त्याच दिवशी बघू. त्या दिवशी तिला वेळ देणं हे आमचं काम आहे, आणि ते आम्ही टाळलं तर तुम्ही आम्हाला खडसावून विचारा.