दिवसाला किती?

शनिवारी मंद्या कट्ट्यावर आला तोच तोंडात निकोटिनचं च्युइंगगम घोळवत. ब्रिटनमधल्या लेस्टरहून तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलाय. चौदा वर्षांची सिगारेट त्याने तिकडे 2021 साली व्हेप, म्हणजे निकोटिनचं लिक्विड तापवून वाफ ओढायची ई-सिगारेट, घेऊन सोडली. पण ते यंत्र इकडे आणायची सोय नाही. 2019 च्या कायद्याने आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळंच बंद. त्यामुळे गडी आधीच चिडका, त्यात तिकडच्या कुठल्याशा विद्यापीठाच्या सर्व्हेची लिंक त्याला कोणीतरी पाठवलेली.

"वाच," म्हणत त्याने फोन माझ्या हातात कोंबला.

प्रश्न सातवा: तुम्ही दिवसाला किती ई-सिगारेट वापरता? 1 ते 5, 6 ते 10, 11 ते 20, 20 पेक्षा जास्त.

"मग? त्यात काय एवढं?" शिऱ्या म्हणाला. त्याच्या बोटांत पेटलेली होती, त्याला स्वतःचा आकडा तोंडपाठ.

"अरे, माझ्याकडे एकच आहे! आठ महिने तीच वापरतोय. दोन मिलीची टाकी, संपली की बाटलीतून भरायची. चव जळकी लागायला लागली की ती टाकी, म्हणजे पॉड, बदलायचा. दिवसाला किती काय सांगू? तू चष्मे किती वापरतोस रे दिवसाला?"

शिऱ्याने चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "दोन झाले."

रिकामं सोडावं तर लाल तारा, फॉर्म पुढे सरकू देईना. शेवटी मंद्याने '1 ते 5' वर टिचकी मारली. पुढचा प्रश्न, लिक्विडमध्ये निकोटिन किती? कमी, मध्यम, जास्त. बाटलीवर मिलीला 20 मिलिग्रॅम असं स्वच्छ छापलेलं असतं. ब्रिटनमध्ये याच्या वर विकायला परवानगीच नाही, म्हणजे तिकडच्या हिशेबाने 'जास्त'. अमेरिकेत जूल नावाच्या ब्रँडच्या पॉडमध्ये 59 असायचं, त्या हिशेबाने 'कमी'. त्याच्या पुढचा, व्हेप का सुरू केलंत? मित्र वापरतात, चव आवडते, उत्सुकता, जाहिरात पाहून. सिगारेट सोडायला म्हणून सुरू करणारा माणूस फॉर्म काढणाऱ्याच्या डोक्यातच नव्हता.

"'इतर'मध्ये लिहिलं मी. चांगल्या सहा ओळी."

"'इतर' कोणी वाचत नाही," सुहास म्हणाला. तो कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. "दरवर्षी पोरांचे प्रोजेक्ट तपासतो ना. कोष्टकात बसत नाही ते सगळं एका खान्यात ढकलतात आणि त्यावर काळा रंग मारतात."

मंद्याला चेव चढला. "आणि हे काय, तर म्हणे गेल्या 30 दिवसांत एकदा जरी ओढलं तरी 'सध्या वापरणारा'! अमेरिकेत 2019 साली हायस्कूलची 27.5 टक्के पोरं व्हेप करतात म्हणून बोंब झाली, ती याच मापाने. सिगारेटला मात्र आयुष्यात शंभर ओढल्याशिवाय स्मोकर म्हणत नाहीत. तिला शंभरची सवलत आणि आम्हाला एक झुरका?"

"थांब," सुहास म्हणाला. "शंभरवाला नियम मोठ्यांच्या सर्व्हेत. पोरांच्या सर्व्हेत सिगारेटलाही तेच 30 दिवस लावतात. तू दोन वेगळ्या फूटपट्ट्या शेजारी ठेवून ओरडतोयस."

"पण एकदा ओढणारा आणि रोजचा एकाच पोत्यात?"

"नाही. वीस किंवा जास्त दिवस ओढणारे वेगळे मोजले होते. त्या 27.5 मधला साधारण तिसरा हिस्सा. हेडलाइनमध्ये ते येत नाही."

"तिसरा हिस्सा म्हणजे काय थोडे झाले?" शिऱ्या म्हणाला. यावर मंद्या गप्प. मला विचाराल तर शिऱ्याचा मुद्दा बिनतोड होता, फक्त तो सिगारेटचा धूर सोडत मांडायला नको होता.

मग मंद्याने हुकुमाचं पान काढलं. 2019 साली अमेरिकेतल्या एका हृदयविकाराच्या जर्नलमध्ये लेख आला, व्हेप करणाऱ्यांत हार्ट अटॅक जास्त. नंतर निघालं की त्यातल्या काहींना अटॅक आधी आला होता, व्हेप त्यांनी मागाहून घेतलं. "म्हणजे मी परवा चष्मा घेतला म्हणून दहावीला नंबर लागला!"

"खरंय, फेब्रुवारी 2020 मध्ये जर्नलने तो लेख मागे घेतला," सुहास म्हणाला. "पण तिथे फॉर्मला शिव्या नको घालूस. अटॅक कोणत्या वयात आला, व्हेप कोणत्या वयात सुरू केलं, दोन्ही त्या सर्व्हेत विचारलेलं होतं. लेख लिहिणाऱ्यांनी ते जुळवून पाहिलं नाही."

इतका वेळ वैशाली कटिंग फुंकत नुसती ऐकत होती. तिने दोन वर्षं मुरबाडकडच्या गावांत घरोघर आरोग्याचे फॉर्म भरलेत. म्हणाली, "आमच्या फॉर्मात होतं, तंबाखूचं सेवन करता का? एक आजी ओट्यावर बसलेल्या. म्हणाल्या, 'छे गं बाय, आमच्या घरात तसलं काही नाही.' आणि बोलताना डाव्या तळहातावर काळी पूड, उजवं बोट दातांवर फिरतंय. मशेरी! भाजलेला तंबाखूच तो. पण त्यांच्या लेखी ते दात घासणं. मी 'मशेरी लावता का' म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, 'लावते की, चारदा. नाही लावली तर डोकं चढतं.' तोवर माझी 'नाही'वर खूण झालेली."

"हेच म्हणतोय मी!" मंद्या.

"ऐक तर. अमेरिकेतल्या पोरांचंही तेच झालं. ती 'जूल' म्हणायची, ई-सिगारेट विचारलं की नाही म्हणायची. मग प्रश्नात जूलचं नाव घालावं लागलं. म्हणजे प्रश्न चुकला की आकडा दर वेळी तुमच्याविरुद्धच जातो असं नाही. कधी झाकलाही जातो."

तेवढ्यात शिऱ्याने मंद्याचा फोन उचललेला. "आणि ही लिंक तू कुठे पाठवलीस रे? 'सगळ्यांनी भरा, आपली बाजू दिसली पाहिजे.' दोनशे मेंबरांच्या ग्रुपवर!"

मंद्याने गम दुसऱ्या गालात सरकवलं.

"मग तो नमुना राहिला नाही," सुहास म्हणाला, "मोर्चा झाला."

"बरं, तूच काढ फॉर्म," वैशालीने पर्समधून पेन काढलं आणि चहावाल्याकडून वहीचा कागद मागून आणला. मंद्याने बराच विचार करून सुवाच्य अक्षरात लिहिलं: 1) व्हेपमुळे तुमची सिगारेट किती दिवसांत सुटली? खाली चार चौकोन: एक आठवडा, एक महिना, तीन महिने, सहा महिने.

वैशालीने वाचलं, काही न बोलता कागद शिऱ्यापुढे धरला.

"मी दोन महिने ओढलं होतं ते, दुबईला असताना," शिऱ्या म्हणाला. "सुटली नाही. दोन्ही चालू होतं. माझा चौकोन कुठाय?"

मंद्याने कागद घडी करून खिशात घातला आणि चहा सांगितला.