पगाराला पैसे द्या

दान द्यायला निघालेल्या माणसाला "पगाराला द्या" म्हटलं की त्याचा चेहरा उतरतो. वह्या चालतात, स्कूलबॅगा चालतात, व्हीलचेअर चालते. वॉटर कूलर तर फारच चालतो, कारण त्याच्यावर "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असं ठळक लिहिता येतं. आपल्याकडे पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणगीदाराचं नाव घालायची पद्धत आहे. पंखा सुरू झाला की ते दिसत नाही, हा भाग वेगळा. पण एखाद्या बाईचं महिन्याचं मानधन? त्यावर नाव कुठे रंगवणार?

मी उत्तर नागपुरात राहतो. आमच्या भागातली एक छोटी संस्था बरीच वर्षं जवळून पाहतो आहे. नाव लिहीत नाही, त्यांनाच ते आवडणार नाही. संस्था म्हणजे विहारामागची एक मोठी खोली, वर पत्रे, आत प्लास्टिकच्या खुर्च्या, लांबलचक टेबलं आणि एक लोखंडी कपाट. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत तिथे पोरं-पोरी अभ्यास करत बसलेली असतात. कोणी पोलीस भरती, कोणी एमपीएससी, कोणी नुसतंच घरी जागा नाही म्हणून. आणि शनिवारी दुपारी त्याच खोलीच्या कोपऱ्यात एक ताई सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं रजिस्टर उघडून बसते.

ते रजिस्टर मी पाहिलं आहे. दोनशे पानी साधी वही, पट्टीनं आखलेले रकाने: नाव, वय, पॅटर्न (म्हणजे हिमोग्लोबिन कुठल्या प्रकारचं, वाहक की रुग्ण), गोळ्या किती उरल्या, मागचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, कधी झाला, पुढची तारीख, आणि शेवटी "सोबत कोण". हा शेवटचा रकाना मला कुठल्याच सरकारी फॉर्मवर दिसलेला नाही आणि माझ्या मते सगळं काम त्यातच आहे. आई धुणीभांडी करते, बाप मिस्त्रीच्या हाताखाली. पोराला मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यांत, न्यायचं म्हणजे घरातल्या एकाची रोजी बुडते. तपासणी फुकट, गोळी फुकट, पण दिवस फुकट नाही ना! म्हणून अभ्यासिकेतला एखादा पोरगा सोबत जातो. ओपीडीच्या रांगेत पुस्तक वाचत बसतो, नंबर लागला की पोराला आत नेतो, गोळ्या घेऊन परत आणतो.

सिकलसेल विदर्भाला काही नवा नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनची घडणच वेगळी असते, त्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हातपाय, छाती, पाठ अशी ठणकतात की मोठा माणूस लोळतो. हे दुखणं बाहेरून दिसत नाही. शाळेत मास्तर म्हणतात पोरगं कामचुकार आहे, घरी आजी म्हणते नाटकं करते. नागपूरच्याच संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी आयुष्य घातलं, २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ ला शहडोलहून राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं उद्दिष्ट. चांगलंच आहे. पण तपासणीचा कागद हातात आला म्हणजे पोरगं बरं झालं, असं होत नाही.

हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी आहे. ती नियमानं घेतली तर दुखण्याचे झटके कमी होतात, रक्त चढवायची वेळही कमी येते. मात्र ती वर्षानुवर्षं घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासून डोस पाहावा लागतो. आणि नेमकं इथेच घोडं अडतं. मागे एका शनिवारी ताई एका आईला विचारत होती,

"मंगळवारी काहून नाही गेली वं?"

"पोट्टं चांगलं खेळून राहिलं होतं ना ताई. दुखत नव्हतं काही."

"गोळीनंच तं खेळून राहिलं ते. दुखत नाही म्हणून थांबवली का गोळी?"

बाई हसली, थोडी ओशाळली, आणि पुढच्या मंगळवारची तारीख घेऊन गेली. शनिवारी ती आली नसती तर ताई रविवारी तिच्या घरी गेली असती. माझ्या हिशेबी आरोग्यसेवा म्हणतात ती ही.

आता शिबिरांबद्दल बोलतो, राग आला तरी चालेल. निवडणूक जवळ आली की आमच्याकडे आरोग्य शिबिरांचं पीक येतं. मांडव, बॅनरवर आठ चेहरे, त्यातला डॉक्टरचा एकही नाही. बीपी मोजतात, शुगर मोजतात, कार्डावर आकडा लिहून देतात आणि सांगतात "जवळच्या दवाखान्यात दाखवा". शेजारच्या काकांकडे अशी चार कार्डं जमली आहेत, चारीवर बीपी वाढलेलं आहे, आणि गोळी अजून सुरू नाही. शिबिरात रोग सापडतो, हे मान्य. पण सापडलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे विचारायला त्या मांडवातलं कोणी परत येत नाही. टीबीच्या पेशंटला पोषण आहार द्यायची निक्षय मित्र योजना सप्टेंबर २०२२ पासून आहे. कल्पना उत्तम. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. पण आहाराची पहिली टोपली फोटोसकट पोचवायला जेवढी माणसं असतात, तेवढी पाचव्या महिन्यात कुठे दिसतात, ते कोणीही आपापल्या वस्तीत पाहून घ्यावं.

तरुणांचं काम आणि आरोग्याचं काम लोक वेगवेगळ्या डब्यांत टाकतात. अहवालातही दोन वेगळे मथळे असतात. आमच्या या खोलीत मात्र ते आपोआप एक झालं आहे, कोणी ठरवून केलेलं नाही.

पोलीस भरतीची मैदानी चाचणी पन्नास गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. पोरी पहाटे मैदानावर जातात. त्यातल्या एक-दोघी दुसऱ्याच फेरीत धापा टाकायच्या, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सगळे म्हणत स्टॅमिना नाही, अजून पळा. ताईनं रक्त तपासायला लावलं, तर हिमोग्लोबिन भलतंच कमी. यात नवल काही नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पण "देशात ५७ टक्के" वाचून कोणी लोहाची गोळी खात नाही. आपला धावायचा वेळ कमी होईल म्हटल्यावर मात्र पोरी गोळी चुकवत नाहीत, चहाही गोळीनंतर लगेच पीत नाहीत. त्याच वेळी सगळ्यांची सिकलसेलचीही तपासणी झाली. आधी सोल्युबिलिटी ही चाळणी चाचणी, त्यात शंका आली त्यांची पक्कं निदान करणारी इलेक्ट्रोफोरेसिस. काही जण वाहक निघाले, म्हणजे एएस, आईबापांपैकी एकाकडूनच सिकलसेलचा दोष आलेले. त्यांना स्वतःला सहसा त्रास नसतो, पण नागपूरच्या उन्हात पाणी न पिता जोर काढून पळणं त्यांना महागात पडू शकतं, हे कोचला तेव्हाच कळलं.

आणि वय बघा ना. अभ्यासिकेत बसलेली ही पोरं वीस ते अठ्ठावीसची. म्हणजे पुढच्या काही वर्षांत लग्नं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलग्रस्त व्हायची शक्यता २५ टक्के. हे ज्यांनी लग्नाआधी ऐकायला हवं ती सगळी माणसं रोज एका छताखाली बसलेली आहेत. यापेक्षा चांगली जागा कोणतं अभियान शोधून देणार आहे? गुण जुळवणाऱ्या मावश्यासुद्धा आता "पॅटर्न काय आहे पोराचा?" असं विचारायला लागल्यात. मला त्यात फार समाधान वाटतं, खोटं कशाला बोलू.

रक्तदानाचंही तसंच. नागपुरात मे महिन्यात रक्ताची बोंब असते. पारा पंचेचाळीसच्या आसपास, कॉलेजं बंद, शिबिरं घेणार कोणाकडे? ६ डिसेंबरला, १४ एप्रिलला रक्तदात्यांच्या रांगा असतात. पण रक्त साठवून साठवून किती साठवणार? तांबड्या पेशी फार तर ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स पाच. एप्रिलच्या मध्यात दिलेली पिशवी मेअखेरीला कामाची नाही. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या लेकरांना मात्र मे महिन्यातही रक्त लागतंच. अभ्यासिकेला उन्हाळ्याची सुट्टी नसते. म्हणून ताईकडे यादी आहे: कोणाचा रक्तगट काय, शेवटचं कधी दिलं. मुलांना तीन महिने झाले का, मुलींना चार, वजन आणि हिमोग्लोबिन बसतं का. सगळे एकाच दिवशी देत नाहीत, आठवड्याला थोडेथोडे जातात. फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं, एक पोरगं स्कूटीवर जातं, देऊन येतं, बिस्किटाचा पुडा खिशात घालून परत गणितं सोडवायला बसतं.

नागपूरला हे असं काम परकं नाही. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये इथे मातृसेवा संघ उभा केला तो बाळंतपणात बाया मरू नयेत म्हणून, आणि तो शंभरी ओलांडून चालू आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून पुढे झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल उभं राहिलं, त्यावर 'झुंड' सिनेमाही निघाला. सिनेमा एका क्षणाचा निघतो. पण त्या क्षणानंतर रोज संध्याकाळी मैदानावर कोणीतरी हजर राहिलं, चेंडूत हवा भरली, भांडणं सोडवली, न आलेल्या पोराच्या घरी गेलं. पडद्यावर हे फारसं रंगत नाही आणि देणगीदारालाही ते सुचत नाही.

तर पैशाकडे येतो. या संस्थेचा महिन्याचा खर्च बघितला तर मोठे आकडे तीनच: ताईचं मानधन, लाइट बिल, आणि रिक्षाभाडं. उन्हाळ्यात दोन डेझर्ट कूलर रात्रंदिवस चालतात, दरवर्षी ताट्या बदलाव्या लागतात, मोटर जळते. गेल्या वर्षी कोणीतरी मोठ्या मनानं तिसरा कूलर दिला. संस्थेच्या सेक्रेटरीभाऊंनी हात जोडून घेतला आणि आम्हाला बाजूला येऊन म्हणाले, "कूलर आला बाप्पा, आता याचं बिल कोण भरते?" तो कूलर अजून कोपऱ्यात खोक्यात आहे.

ताईला मिळतं ते मी लिहीत नाही, वाचून तुम्हालाच कसंतरी होईल. एका घरकामवाल्या बाईलाही चार घरांचे त्याहून जास्त मिळतात. आणि तरी लोक विचारतात, "समाजसेवा आहे ना, मग पगार कशाला?" म्हणजे मांडववाल्याला पैसे, बॅनरवाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे, आणि जी वर्षभर दारोदार जाते तिनं मात्र सेवाभावानं राहावं. घरचा गॅस सिलिंडर सेवाभावानं येतो का? माणूस टिकला नाही की रजिस्टर बंद पडतं, आणि रजिस्टर बंद पडलं की गोळ्या बंद पडतात. मोठ्या कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, आहे म्हणा, पण त्यासाठी १२ए, ८०जी या आयकर खात्याच्या नोंदण्या, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ची नोंदणी लागते. वर धर्मादाय कार्यालयात दरवर्षी ऑडिट, विश्वस्त बदलले की चेंज रिपोर्ट. कागद हवेतच, जनतेचा पैसा आहे. फक्त हे कागद करणाऱ्या सीएचीही फी असते आणि तीही कोणी "स्मरणार्थ" देत नाही.

"हे सगळं सरकारनं करावं" असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तपासणी, औषध, डॉक्टर हे सरकारचंच काम आहे, संस्थेनं ते अंगावर घेऊही नये. ताई एकही गोळी स्वतः देत नाही, आणि हेच मला तिचं शहाणपण वाटतं. ती फक्त माणसाला योग्य खिडकीपर्यंत नेते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे हे आमच्या वस्तीत किती जणांना ठाऊक होतं? दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज अभ्यासिकेतल्याच पोरांनी मोबाइलवरून भरून दिला. एमपीएससीवाल्यांना फॉर्म भरायचा दांडगा सराव असतो, तो असा उपयोगी पडला.

तुमच्या भागात अशी एखादी खोली असेलच. द्यायचं असेल तर आधी जाऊन एक तास बसा. गेल्या वर्षी किती लोकांना मदत केली हे विचारू नका, तो आकडा कोणीही सांगतं. मध्येच यायचं बंद केलेल्या माणसांचं काय करता, ते विचारा. उत्तर लगेच नावानिशी आलं तर खिशात हात घाला. एकदम दहा हजार देण्यापेक्षा महिन्याला पाचशे बँकेतून आपोआप जातील असं लावा, आणि पत्रात स्पष्ट लिहा की हे मानधन आणि लाइट बिलासाठी आहे, वस्तू घेऊ नका. दोन हजारांवर रोख देऊ नका, त्यावर ८०जीची करसवलत मिळत नाही. नव्या करप्रणालीत असाल तर तसंही मिळत नाही, तेव्हा तो हिशेब सोडा. पावती मात्र दर वेळी मागून घ्या, ओळखीचे असले तरी.