रिपीट मारणाऱ्यांसाठी हिताच्या चार गोष्टी

अभिनंदन! मेडिकलच्या नीट परीक्षेत सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं आणि तुम्ही रिपीट करायचं, म्हणजे वर्षभर थांबून पुन्हा परीक्षेला बसायचं ठरवलंत. म्हणजे, 'तुम्ही ठरवलंत' असं म्हणायची पद्धत आहे. ठरवलं ते वडील, मामा आणि क्लासच्या काउन्सेलर मॅडम यांनी. तुम्ही तेव्हा पाहुण्यांना पाणी आणायला आत गेला होतात.

आता क्लासचं गाव निवडा. राजस्थानातलं कोटा परवडणार नसेल तर लातूर आहेच. या शहराला २०१६ साली प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. विद्यार्थी मात्र कधी आणावे लागत नाहीत, ते स्वतःच्या खर्चाने येतात. तिथे खोली शोधू नका, कॉट शोधा. मेसवर भरवसा नसेल तर आईलाच घेऊन जा. ती तिकडे तुमचा डबा करेल, इकडे वडील स्वतः भाकरी थापतील आणि रोज रात्री फोनवर 'आमची काळजी करू नकोस' असं सांगतील. याने जे दडपण येतं ते कुठल्याही टेस्ट सिरीजने येत नाही, आणि याची वेगळी फीही नाही.

पुस्तकं नवी घ्या. थोरल्या बहिणीची एनसीईआरटी घरात आहे, तीच वाचू, असला काटकसरीपणा अंगाशी येतो. २०२४च्या फिजिक्सच्या पेपरात अणूवर एक प्रश्न होता. जुन्या आवृत्तीतलं वाक्य धरलं तर एक उत्तर, नव्या आवृत्तीतलं धरलं तर दुसरं. परीक्षा घेणाऱ्यांनी मोठ्या मनाने दोन्ही उत्तरांना मार्क दिले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. अणू नेमका कसा असतो हे ठरवायला आयआयटी दिल्लीचे तज्ज्ञ बसवावे लागले आणि त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं. आधी ६७ जणांना ७२०पैकी ७२० होते, सुधारित निकालात १७ उरले. तेव्हा अभ्यासाला बसण्यापूर्वी अणू यंदाचाच आहे ना, एवढं बघून घ्या.

गणित कच्चं असेल तरी बिघडत नाही. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीच्याला उणे एक. या हिशेबाने ७२०च्या खाली ७१६ येतात, एक उत्तर चुकलं तर ७१५. तरीही त्याच वर्षी काहींना ७१८ आणि ७१९ मिळाले. परीक्षा केंद्रावर वेळ वाया गेला म्हणून १५६३ जणांना ग्रेस मार्क दिले होते, ते पुढे काढून घेऊन फेरपरीक्षा झाली. निकाल लागला ४ जूनला, लोकसभेच्या निकालादिवशीच. देशभर मतं मोजली जात असताना घरोघरी मार्कांचीही मोजणी चालू होती. तेव्हा शक्यतेच्या पलीकडचं ध्येय ठेवा.

आता मुख्य मुद्दा, मार्क वाढवण्याचा. २०२४ साली ६५० मिळवूनही सरकारी कॉलेजच्या दारात धाकधूक करत उभी राहिलेली पोरं होती. त्यातली बरीच चिडून रिपीट करायला बसली. वर्षभर घासली. २०२५ला पेपर असा अवघड आला की देशात पहिला आलेला मुलगा ६८६वर थांबला आणि ६५०च्या वर शंभर जणही गेले नाहीत. म्हणजे एका वर्षी ज्या मार्कांत पोरं रडत होती, त्या मार्कांना पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात फोटो. शंभर मार्क कमी पडूनही रँक सुधारू शकते, हे तुम्ही समजून घ्याल. मामा घेणार नाहीत.

मामांशी होणारा संवाद म्हणूनच आधी पाठ करून ठेवा. 'गेल्या वर्षी किती होते रे?' '६४०.' 'आणि यंदा?' '५६०.' मग जी शांतता पसरते तिच्यात पर्सेंटाइल, कट-ऑफ, ऑल इंडिया कोटा हे शब्द उच्चारू नयेत. मामांना ते सबबीच वाटतात. 'एवढी फी भरून ऐंशी मार्क कमी?' या प्रश्नावर जगातल्या कुठल्याच क्लासच्या मॉड्यूलमध्ये उत्तर दिलेलं नाही. फी भरायला लावली होती मामांनीच, पण ती आठवण या क्षणी करून देऊ नये.

मित्रांचे स्टेटस म्यूट करा. ऑगस्ट-सप्टेंबरपासून पांढऱ्या ॲप्रनमधले फोटो सुरू होतात. त्यातला एखादा बारावीला तुमच्याच वहीतून उतरवायचा.

परीक्षेला पायात चप्पल, अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता. उकाड्याचा विचार करून कुणीतरी एवढी सोय केली आहे, असं मानून चला.

बिचाऱ्या आयआयटीवाल्यांना त्यांच्या जेईई ॲडव्हान्स्ड परीक्षेला लागोपाठच्या दोन वर्षांत दोनच संधी. नीटला कितीही वेळा बसता येतं, वयाची कमाल अटही नाही. त्यामुळे प्रवेशाच्या वेळी लागणारं गॅपचं प्रतिज्ञापत्र आताच बघून ठेवा. मधल्या काळात कुठेही प्रवेश घेतला नव्हता, असं त्यात शपथेवर सांगायचं असतं. कोर्टाबाहेर टायपिंगवाल्याकडे मसुदा तयारच असतो, फक्त नाव आणि वर्ष भरायचं. दोन प्रती काढून घ्या. एकीत वर्षाची जागा मोकळी सोडायला सांगा, त्याला सवय आहे.