चालल्याने गाठ विरघळते का?

ऑक्टोबरातल्या एका रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही नेहमीची मंडळी बसलो होतो. गुलाबी टी-शर्ट घातलेल्या दोन मुली आल्या, स्तनांच्या कर्करोगाविषयी जागृती करण्यासाठी होणाऱ्या पाच किलोमीटरच्या वॉकचे एकेक पत्रक आमच्या हातात देऊन गेल्या, आणि त्या चार पावले पुढे गेल्या नसतील तोच भाऊने विचारले, "चालल्याने गाठ विरघळते का?"

भाऊची सारी नोकरी बँकेत गेली. परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दादरच्या श्री संत गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तिथे भाऊ गेली कित्येक वर्षे दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, कोणाला न सांगता, काही रक्कम देऊन येतो. हे आम्हाला ठाऊक असल्यामुळे त्याचा प्रश्न कोरड्या माणसाचा प्रश्न म्हणून उडवून लावणे शक्य नव्हते. त्याचे म्हणणे असे होते की लोकांकडून प्रवेशशुल्क घ्यायचे आणि त्यातलेच पैसे टी-शर्ट, मंडप, ध्वनिक्षेपक, पाण्याच्या बाटल्या आणि पदके यांवर खर्च करायचे, यापेक्षा ज्याला द्यायचे आहे त्याने एखाद्या रुग्णाच्या औषधासाठी सरळ धनादेश द्यावा. आणि ज्याला चालायचे आहे त्याला मैदानाभोवतीची ही वाट फुकट आहेच.

अण्णा म्हणाले, "वारकऱ्याकडे तू पावती मागतोस का?"

"वारकरी विठ्ठलासाठी चालतो," भाऊ म्हणाला. "आपल्या चालण्याने कोणाचा आजार हटेल, असे तो सांगत नाही. इथे आजाराचे नाव घेतले आहे, म्हणून मी हिशेब विचारणारच."

मला भाऊचे पटले. चार माणसे एकत्र चालताना दिसली की आपण मराठी माणसे लगेच वारीची उपमा देतो. पण या बाबतीत ती लागू पडत नाही, कारण वारीत पोचायचे ठिकाण ठरलेले असते आणि त्यापलीकडे काही साधायचे नसते.

सरांनी मग ही प्रथा जिथे वाढली तिथली हकिकत सांगितली. सुझन कोमेन ही अमेरिकन स्त्री 1980 साली वयाच्या 36 व्या वर्षी स्तनांच्या कर्करोगाने गेली. या रोगासाठी मी काहीतरी करीन, असा शब्द तिच्या धाकट्या बहिणीने, नॅन्सी ब्रिंकर यांनी, तिला दिला होता. त्यातून 1982 मध्ये संस्था उभी राहिली आणि 1983 मध्ये डॅलस शहरात पहिली 'रेस फॉर द क्युअर' झाली, तेव्हा सुमारे 800 लोक आले होते. पुढे त्याच संस्थेचा तीन दिवसांचा वॉक सुरू झाला. त्यात 60 मैल, म्हणजे जवळजवळ 97 किलोमीटर चालायचे असते आणि प्रत्येकाला किमान 2,300 डॉलर गोळा करावे लागतात.

"यात चालणारा हा देणारा नसतो, मागणारा असतो, हे लक्षात घे," सर भाऊला म्हणाले. "तू धनादेश लिहितोस तेव्हा एकच खिसा रिकामा होतो. चालणारी बाई मात्र शेजारणीकडे, साहेबाकडे, नवऱ्याच्या मित्रांकडे जाते आणि सांगते की मी एवढे चालणार आहे, तुम्ही एवढे द्या. मागायला तोंड लागते, भाऊ. उगीच हात पसरायला कोणालाही जड जाते. आपण स्वतः काही सोसणार आहोत असे सांगता आले की ते तोंड मिळते."

भाऊने हे मान्य केले, पण अमेरिकेपुरतेच. आपल्याकडच्या 'पिंकेथॉन'चे उदाहरण त्यानेच काढले. मिलिंद सोमण आणि रीमा संघवी यांनी 2012 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या या केवळ स्त्रियांसाठीच्या उपक्रमात 3 किलोमीटरपासून 21 किलोमीटरपर्यंत अंतरे असतात आणि निधी उभारण्यापेक्षा स्त्रियांनी स्वतःच्या प्रकृतीकडे लक्ष द्यावे यावर भर असतो. "मग पैशाचे कारणही उरत नाही," भाऊ म्हणाला. "आणि जागृती म्हणशील, तर रविवारी पहाटे उठून बुटांच्या नाड्या बांधून जी बाई येते, तिला या रोगाची माहिती आधीच असते. जिला नाही, ती त्या वेळी नळावर उभी असते."

या मुद्द्यावर मी बोललो, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. 2022 सालच्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचे आढळले आणि सुमारे 98 हजार स्त्रिया त्याने दगावल्या. गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि जे दुखत नाही ते आपल्या घरांतल्या बायका दाखवायला जात नाहीत. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांतील 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासत असत. यंत्र नाही, क्ष-किरण नाहीत, केवळ शिकवून तयार केलेले हात. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व वयांचा एकत्र विचार करता मृत्यूंतली घट ठामपणे सांगण्याइतकी नव्हती, पण तपासणी न झालेल्या वस्त्यांच्या तुलनेत पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते. नळावर उभ्या असलेल्या बाईपर्यंत आरोग्यसेविका पोचते, वॉक पोचत नाही, हे भाऊचे म्हणणे मला तेव्हाही खरे वाटले आणि आजही वाटते.

मात्र वॉकने काय साधते हा एक प्रश्न आहे आणि माणसे तिथे का जातात हा दुसरा. आम्ही तासभर पहिल्याचेच उत्तर देत होतो. हे लक्षात आणून दिले ते वहिनींनी. सरांच्या पत्नी रोज सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारतात आणि मग सरांना घेऊन घरी जातात. सात वर्षांपूर्वी त्यांची शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या लसीका ग्रंथी काढल्यामुळे डाव्या हाताला सूज येते, म्हणून मनगटापासून दंडापर्यंत त्या एक घट्ट लवचीक बाही घालतात, आणि ती दिसू नये म्हणून वरून लांब बाह्यांचा कुर्ता घालतात. सारे ऐकून घेतल्यावर त्या कट्ट्यावर टेकल्या.

"मी दोनदा गेले आहे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पहिल्या वेळी मुलीने आग्रह केला म्हणून गेले. तिथे उकडायला लागल्यावर मी कुर्त्याची बाही वर सरकवली, तर शेजारून चालणाऱ्या बाईने स्वतःचा हात पुढे केला. तिच्याही हातावर तशीच बाही होती. मग पुढचे सगळे अंतर आम्ही बाहीविषयीच बोललो. ती धुतल्यावर पिळायची नाही, उन्हात वाळवायची नाही, किती महिन्यांनी सैल पडते, पावसाळ्यात दोन कशा लागतात. माझी शस्त्रक्रिया झाल्यापासून माझ्याशी या विषयावर इतक्या साधेपणाने कोणी बोलले नव्हते. घरात येणारे सगळे 'आता कशा आहात' असे विचारतात, पण ते एका वेगळ्या आवाजात विचारतात. तिथे तो आवाज नव्हता."

"अशा बायका धर्मशाळेतही भेटतील की, वहिनी," भाऊ म्हणाला. पण त्याच्या आवाजातली धार गेली होती.

"भेटतात. मी जातेही. पण तिथल्या बाईला उद्याच्या केमोची काळजी असते, गावाकडे ठेवलेल्या मुलांची काळजी असते. तिला का मी बाही कशी वाळवायची ते विचारू? तिथे मी तिच्यासाठी जाते. वॉकला मी माझ्यासाठी जाते, आणि असे म्हणायला मला संकोच वाटत नाही."

सर बायकोकडे पाहत राहिले. बाहीची ही हकिकत त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली असावी, असे मला वाटले.

रोग्याचे स्वतःचे कारण असे असेल, तर रोग नसलेली माणसे का जातात, हे मी अण्णांमुळे समजू शकलो. घरात असा आजार येतो तेव्हा डॉक्टरला काम असते, परिचारिकेला असते, सोसण्याचे काम रोग्याकडे असते. रोग्याचा भाऊ, मुलगा, भाची यांच्या हाताला मात्र फाइल सांभाळण्यापलीकडे काही उरत नाही, आणि माणूस गेल्यावर तर तीही उरत नाही. अण्णांच्या धाकट्या बहिणीने गाठ आठ महिने पदराआड ठेवली होती. पुढे निदान झाल्यावरही घरात त्या आजाराचा उल्लेख 'ते दुखणे' असाच होत राहिला, आणि बाहेर कोणी विचारलेच तर पोटाचे ऑपरेशन आहे असे सांगितले जाई. अण्णा दीड वर्ष रुग्णालयाच्या बाकांवर बसले. हे ते आम्हाला त्या दिवशी प्रथमच सांगत होते.

त्यांची मुलगी तेव्हा डॅलसला नोकरी करत होती. आत्या गेल्यानंतरच्या शरद ऋतूत तिने तिथल्या 'रेस फॉर द क्युअर'मध्ये नाव नोंदवले. आपण कोणाच्या आठवणीत चालत आहोत ते एका कागदावर लिहून तो पाठीवर लावण्याची तिथे पद्धत आहे, म्हणजे मागून येणाऱ्याला सारी वाट पुढच्याच्या पाठीवरची नावे दिसत राहतात. आदल्या रात्री तिने फोन करून विचारले, "बाबा, आत्याचे नाव कोणते लिहू?" लग्नात बहिणीचे नाव बदलले होते. सासरचे नाव रुग्णालयाच्या फाइलवर होते, पण त्या नावाने अण्णांनी तिला कधी हाक मारली नव्हती. माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर होते, पण तेही घरात कोणी वापरत नसे. अण्णांनी थोड्या वेळाने सांगतो म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ ते गॅलरीत उभे राहिले. मग त्यांनी तिला कळवले, "बेबीआत्या असे लिही."

तिने जाड काळ्या पेनने देवनागरीतच लिहिले. मागून येणारे लोक हे काय लिहिले आहे असे विचारत, आणि ती वळून ते नाव उच्चारून दाखवी, अर्थ सांगे, आणि आत्याला काय झाले होते तेही त्या रोगाचे नाव घेऊन सांगे. आपल्या घरात दीड वर्षात जे एकदाही कोणी मोठ्याने म्हटले नाही, ते माझ्या मुलीने एका सकाळीत किती अनोळखी माणसांना सांगितले ते तिलाही मोजता आले नाही, असे अण्णा म्हणाले.

भाऊने मांडीखाली घातलेले पत्रक काढून सरळ केले.

"आडनाव लिहिले होते का तिने?" त्याने विचारले.

"नाही," अण्णा म्हणाले. "आत्या म्हटल्यावर ती कोणाची, ते कळतेच."